त्यांची डावी बाजू

त्या सकाळी जाग आल्यावर माझ्या नवऱ्यानं मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "हा माझ्या अंगावर कोणाचा हात ठेवला आहे वं?"

मी चहा घेऊन आत आले होते. समोरच्यांची पाण्याची मोटर सुरू होती, भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी ओरडत होता, नागपूरच्या नंदनवन भागातली रोजचीच सकाळ. मला वाटलं, अर्धवट झोपेत आहेत. "कोणाचा असणार? तुमचाच आहे," मी म्हटलं. त्यांनी उजव्या हातानं तो डावा हात मनगटाशी धरून उचलला, जरा वेळ न्याहाळला आणि दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे आली असावी तसा बाजूला सारला. "माझा नाही हा," ते म्हणाले. शब्द जड येत होते. ओठाचा डावा कोपरा खाली ओघळला होता. हातातला चहा मी कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही.

शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही दवाखान्यात पोचलो. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. झटका झोपेत नेमका कधी आला ते कोणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देणं धोक्याचं ठरेल असं डॉक्टर म्हणाले. डावा हात आणि डावा पाय गेला होता. आणि त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे, डावीकडचं जगच त्यांच्यासाठी उरलं नव्हतं. डोळे शाबूत होते, पण मेंदू डावीकडचं मोजतच नव्हता. दवाखान्यातल्या ताटातलं ते उजवीकडचं सगळं संपवायचे आणि डावीकडची खिचडी तशीच ठेवून विचारायचे, "आज एवढंच दिलं?" मी ताट फिरवून दिलं की चकित व्हायचे. मी डावीकडून बोलले तर उजवीकडे मान वळवून मला शोधायचे.

हे सगळं कोणाच्या वाट्याला आलं ते सांगायला हवं. माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रातल्या कंट्रोल रूममध्ये गेली. समोर काटे, दिवे, आकडे. काटा सांगेल ते खरं, बाकी गप्पा. पण हा स्वभाव नोकरीच्याही आधीचा, घरातून आलेला. सासऱ्यांनी नागपूरला दीक्षा घेतली, घरी परत आले आणि घरातले गंडे, ताईत, टाक सगळे एका फडक्यात बांधून कन्हान नदीत सोडून आले, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक कार्यक्रमाला सांगितली जायची आणि सांगणारे बहुतेक वेळा हेच असायचे. वीज केंद्राच्या कॉलनीत कोणी अंगारा देणारा, कोणी भूत उतरवणारा आला की हे पुढच्या रांगेत जाऊन बसत आणि इतक्या शांतपणे प्रश्न विचारत की तो माणूस दुसऱ्या दिवशी गाव सोडायचा. विहारात मुलांना जमवून लिंबातून रक्त कसं काढतात ते करून दाखवायचे. सुरीला आधी काय लावलेलं असतं ते सांगताना स्वतःच लहान मुलासारखे हसायचे.

बाहेर असे बोलके, घरात मात्र मोजकेच. त्यांची शिफ्टची नोकरी, माझी शाळेतली नोकरी, एक मुलगी. आमच्या संसारात भांडणं कमी झाली आणि जवळ बसून बोलणंही कमीच झालं. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. बऱ्याच घरांत असंच असतं. पण पुढे जे झालं त्यात ते आडवं आलं, म्हणून लिहिते.

जिवावरचा धोका टळल्यावर त्यांना शहरातल्याच एका पुनर्वसन केंद्रात हलवलं. मुलगी हैदराबादहून आली होती. ती आठवडाभर थांबली आणि नोकरीमुळे रडत परत गेली. मी शाळेतून रजा घेतली.

तिथली फिजिओथेरपिस्ट रोज सकाळी त्यांना पलंगाच्या कडेला बसवायची. बसवलं की ते डावीकडे कलायचे, आणि आपण कलतोय हे त्यांना पटायचंच नाही. उलट सरळ करायला गेलं की उजव्या हातानं स्वतःला आणखी डावीकडे ढकलायचे आणि ओरडायचे, "पाडून राहिले मले! पाडून राहिले!" भीतीनं छाती ताठ, श्वास वरच्या वर, मान लाकडासारखी. थोड्याच वेळात घामेघूम होऊन ते आडवे पडायचे आणि व्यायाम तिथेच संपायचा. फिजिओथेरपिस्ट समजूतदार होती. ती एक दिवस मला म्हणाली, "काकू, अंग एवढं आवळून धरलं तर मी काहीच करू शकत नाही. आमच्याकडे एक ऑस्टिओपॅथ येतात. माझ्या सेशनच्या आधी त्यांनी बघितलं तर?"

ऑस्टिओपॅथ हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी मेंदूच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हातानं सांधे, स्नायू, बरगड्या तपासून हलक्या दाबानं मोकळ्या करण्याची पद्धत आहे. लकव्यात तिचा किती उपयोग होतो याचा भक्कम पुरावा मी देऊ शकत नाही, पण नीट शिकलेल्या माणसानं केलं तर हरकत नाही. एक अट त्यांनी फाइलवर लिहून दिली आणि मला दोनदा सांगितली : मानेला झटका द्यायचा नाही, कोणीही, कधीही.

ती बाई चाळिशीची असेल. नागपूरचीच. आधी फिजिओथेरपी शिकलेली, नंतर कित्येक वर्षं हे शिकलेली. आत आली आणि सरळ त्यांच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसली, म्हणजे ते तिला बघू शकतील. आपण काय करणार ते तिनं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि जड जिभेनं विचारलं, "म्हणजे तुम्ही हात ठेवता, अन् माणूस बरा होते?"

"नाही काका," ती म्हणाली. "मेंदूत जे झालं ते माझ्या हातानं भरून येत नाही. हात चालू होईल असं मी म्हणणार नाही. तुमच्या बरगड्या, खांदा, पाठ जिथं आखडून बसली आहे तिथं थोडी सैल झाली, तर श्वास खोल जाईल, बसायला सोपं जाईल. तेही होईलच असं नाही."

"मंग हात ठेवणाऱ्या बुवात अन् तुमच्यात फरक काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र हसली. "तपासून बघा. तुम्ही म्हणाल तसं."

झटका आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत मला ते कॉलनीतले, पुढच्या रांगेत बसणारे गृहस्थ दिसले. ते म्हणाले, "रीडिंग पाहिजे. मी एका दमात आकडे म्हणतो. तुम्ही काही करायच्या आधी किती होतात अन् नंतर किती होतात, ते हिले मोजू द्या."

त्यांनी आकडे म्हटले. थोड्याच आकड्यांत दम संपला. मग तिनं काम सुरू केलं. मी मालीश, मोडणं, ओढणं अशा कशाच्या तरी तयारीत होते. तसं काही नव्हतंच. एक तळवा पाठीखाली, एक बरगड्यांवर, आणि ती नुसती थांबली. श्वासाबरोबर हात किंचित वर, किंचित खाली. मग खांद्याच्या पात्याखाली बोटं सरकवून ती तशीच थांबली. मग मानेच्या मुळाशी, इतकं हलकं की कापडावरचा दोरा उचलतात तसं. खिडकीतून कूलरचा आवाज येत होता. हळूहळू त्यांच्या भुवयांमधली आठी गेली, तोंड थोडं उघडं पडलं, पोट वरखाली होऊ लागलं.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. इतके दिवस मी त्यांना पुसत होते, भरवत होते, कूस बदलून देत होते, आणि माझा हात लागला की त्यांचं अंग आणखी ताठ व्हायचं. एक परकी बाई हात ठेवते आणि हे सैल होतात. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिले.

नंतर आकडे मोजले. आधीपेक्षा जास्त आले. मी आनंदानं सांगितलं. ते म्हणाले, "येवढा वेळ नुसतं निजवून ठेवलं असतं तरी झालं असतं."

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"उद्या तसंच करा. इथंच बसा, पण हात नका लावू."

आणि तिनं खरंच तसं केलं. दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ ती स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली. ते डोळे मिटून पडले. त्या दिवशी आकडे आदल्या दिवसापेक्षा थोडे कमी आले. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "एका दिवसावरून काही ठरत नाही," पण फिजिओथेरपिस्ट आली तेव्हा ते तिला म्हणाले, "चला, बसवा." आणि पुढे पुढे बसणं खरोखर थोडं जमू लागलं. पाठीला उशी, समोर आरसा, आणि मी उजवीकडे उभी. आरशात बघून ते स्वतःला सरळ करायचे. मला वाटलं, चला, आता गाडी रुळावर येते आहे.

अशात माझा धाकटा दीर कन्हानहून आला. कोळशाच्या खाणीत नोकरी, दणकट अंग, भावावर जीव. तो दर रविवारी यायचा. आला की आधी बाहेर जाऊन रडायचा आणि मग आत येऊन मोठमोठ्यानं बोलायचा. त्या दिवशी त्यानं ऑस्टिओपॅथचं काम पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "वहिनी, ही बाई करून काय राहिली? नुसता हात ठेवून बसली आहे. यानं लकवा जाते का? तिकडं एका गावात औषध देतात. कबुतराचं रक्त चोळतात. आमच्या खाणीतला एक जण उचलून नेला होता, चालत आला."

"भाऊजी, तुमचे दादा ऐकतील का असलं काही?"

"त्यायले काहून विचारता? त्यायची हालत पाहा नं."

मी नाही म्हटलं. जाताना भावाला खुर्चीत बसवून द्यावं म्हणून तो पुढे झाला. मी परिचारिकेला बोलवायला वळले तेवढ्यात त्यानं नेहमीच्या सवयीनं, खाली बसलेल्या माणसाला उठवतात तसं, त्यांचा डावा हात धरला आणि वर ओढलं.

तो आवाज मी विसरू शकत नाही. तो हाडाचा नव्हता, त्यांच्या घशातून आलेला होता.

खांद्याचं हाड मोडलं नव्हतं. पण लुळ्या हाताला धरून ठेवणारे स्नायूच काम करत नव्हते, त्यामुळे सांधा खाली सरकला होता आणि आता आतून दुखावला होता. डॉक्टरांनी औषधं दिली, हात गळ्यात अडकवायला झोळी दिली. तरी कळ जाईना. कूस बदलताना कळ, खोकताना कळ, शर्ट घालताना कळ. आणि एक विचित्र गोष्ट झाली. जो हात ते आपला मानायला तयार नव्हते, त्याच्याकडे आता बघू लागले. एकदा दुपारी मला म्हणाले, "आपला वाटत नाही अजून. पण दुखते मले, म्हणजे आपलाच असन." हे बोलताना ते हसत नव्हते.

व्यायाम बंद पडले. फिजिओथेरपिस्टला त्यांनी हाकललं. ऑस्टिओपॅथ आली तेव्हा तिच्या पलीकडच्या भिंतीकडे बघत राहिले, म्हणजे उजवीकडेच, कारण तीच एक बाजू त्यांच्याकडे होती. आकडे म्हणायचं नावच नाही. जेवण कमी झालं. बसायला जे थोडं जमत होतं तेही गेलं. मी भरवायला गेले तर वाटीला उजव्या हाताचा फटका मारला, वरण माझ्या साडीवर सांडलं. आणि मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सोड वं मले. जाऊ दे."

मी साडी पुसत राहिले.

दीर अपराधी चेहऱ्यानं रोज येऊ लागला. ड्यूटी सुटली की कन्हानहून थेट इकडे. आत यायचा नाही, दारात उभा राहायचा. एक दिवस ह्यांनीच त्याला हाक मारली.

"ये गा इकडं. ते गाव कुठं आहे?"

दीर गोंधळला. "कोणतं गाव, दादा?"

"जिथं कबुतराचं रक्त लावतात. ने मले."

मी तिथेच होते. त्या क्षणी मला जी भीती वाटली ती झटक्याच्या सकाळीही वाटली नव्हती. त्या सकाळी त्यांचा हात गेला होता, पाय गेला होता. आता तेच गेल्यासारखे वाटले. ज्या माणसानं सगळं आयुष्य असल्या गोष्टींना हसून पळवून लावलं, तो दुखण्यापुढे इतका वाकला होता. मी म्हटलं, "अहो, तुम्ही काय म्हणता ते कळतंय ना?"

"कळते. तुले दुखत नाही म्हणून तू बोलून राहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर ओळखीच्या माणसाची गाडी घेऊन आला. केंद्रातल्या डॉक्टरांनी समजावून पाहिलं, मग आमच्या जबाबदारीवर एका दिवसासाठी जाऊ द्यायला ते नाइलाजानं तयार झाले. गाडी फाटकाशी उभी होती. मी पाण्याच्या बाटल्या, चादर, औषधं एका पिशवीत भरली. रडायला येत होतं, पण हात पिशवी भरत होते. त्यांनी हट्ट सोडला नसता तर मीही त्या गाडीत बसले असते, हे खरं आहे.

तेवढ्यात ऑस्टिओपॅथ तिच्या रोजच्या वेळी आली. तिला कोणीतरी खालीच सांगितलं असावं. मला वाटलं, ती भांडेल, निदान समजावेल. तिनं विचारलं, "काका, गाडीत किती वेळ बसावं लागेल?"

दीर म्हणाला, "दोन-अडीच तास."

"मग हाताला नीट आधार द्यायला हवा. रस्त्यात धक्के बसतील. मी बांधून देते. आणि भाऊ, तिथं कोणीही मानेला हात लावला तर तुम्ही मध्ये पडायचं. एवढं करा."

दीरानं मान हलवली. ती स्टुलावर बसली. लुळ्या हाताखाली तिनं एक उशी अशी सरकवली की हाताचा सगळा भार उशीनं घेतला. दुखऱ्या खांद्याला ती शिवलीच नाही. बरगड्यांवर हात ठेवला, मग पाठीखाली, मग उजव्या पात्याच्या कडेनं, इतक्या सावकाश की पाहणाऱ्याला वाटावं ही काहीच करत नाही. मधेच ती मला म्हणाली, "काकू, इकडे या. इथं हात ठेवा. दाबू नका, ओढू नका. श्वास वर आला की तुमचा हात वर येऊ द्या, खाली गेला की जाऊ द्या."

मी ठेवला. त्यांच्या उजव्या बरगड्यांवर, बनियनवरून. हाताखालून त्यांचा श्वास आला, तुटक, उथळ, अडखळत. इतक्या वर्षांत मी तो असा कधी हातात घेतला नव्हता. मला वाटलं, आता ते अंग ताठ करतील. त्यांनी केलं नाही. बऱ्याच वेळानं एक मोठा श्वास आला, उसाशासारखा, आणि माझा तळवा वर उचलला गेला.

ते झोपले. कळ सुरू झाल्यापासून त्यांना दिवसा अशी झोप लागली नव्हती. दीर दारात पिशवी हातात धरून उभा. गाडीवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला तसा तो धावत खाली गेला आणि त्याला गप्प करून आला.

त्यांनी डोळे उघडल्यावर दीरानं हळूच विचारलं, "दादा, निघाचं का?"

"दुखणं खाली आलं थोडं," ते म्हणाले. "आज नको."

कायमचं नको असं ते म्हणाले नाहीत, आणि कोणी त्यांना तसं म्हणायलाही लावलं नाही. गाडी परत गेली. संध्याकाळी आम्ही दोघंच असताना त्यांनी मला विचारलं, "मी म्हटलं नं ते? रक्त लावाले ने म्हणून?"

"म्हटलं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. लकव्यानंतर रडू लवकर येतं, मेंदूचाच भाग असतो तो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण हे रडणं मेंदूचं नव्हतं. "बापानं नदीत सोडले होते ते गंडे-ताईत," ते म्हणाले. "मी वापस काढाले निघालो होतो."

"दुखत होतं तुम्हाला."

"दुखते तर सगळ्यायलेच. ते लोक काहून जातात तिथं, ते मले आता समजलं. एवढे वर्ष मी हसलो त्यायले." मग म्हणाले, "जे विकतात त्यायच्यावर अजून हसीन. जाणाऱ्यायवर नाही."

मी त्यांच्या बरगड्यांवर हात ठेवला. शिकवलं होतं तसा.

त्यानंतर एकदम सगळं सुधारलं असं झालं नाही. कळ कमी व्हायला पुष्कळ दिवस गेले, आणि त्या दिवसांत औषधं होती, झोळी होती, फिजिओथेरपिस्टचे व्यायाम होते, ऑस्टिओपॅथचे हात होते, निव्वळ काळही होता. कशानं किती झालं ते मला सांगता येत नाही. घरी परतल्यावर तपासणीला गेलो तेव्हा मी मेंदूच्या डॉक्टरांना हेच विचारलं. ते म्हणाले, "वेगळं काढून सांगता येणार नाही." ह्यांना ते उत्तर आवडलं. घरी येताना गाडीत म्हणाले, "डॉक्टर इमानदार आहे."

दीराला मात्र केंद्रात त्या दोघींनी नीट शिकवलं होतं, कमरेच्या पट्ट्याला धरून कसं उठवायचं, लुळा हात आधी सांभाळून मग माणूस कसा हलवायचा. तो रविवारी येऊन तासन्‌तास सराव करायचा. दादाला उचलताना त्याच्या कपाळावर जो घाम यायचा तो वजनाचा नसायचा. एकदा त्यानं मनातलं विचारलंच, "दादा, ती बाई जे करत होती ते खरं होतं का हो?" हे म्हणाले, "मले पूर्ण पटलं नाही अजून. पण तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, काय होणार नाही ते. बुवा हे कधी सांगते का?"

पुनर्वसन केंद्रातून ह्यांना सोडल्यावर ऑस्टिओपॅथ काही काळ घरी येत राहिली, मग तिनंच सांगितलं, आता माझी गरज नाही, व्यायाम चालू ठेवा. ती जायला निघाली तेव्हा ह्यांनी तिला म्हटलं, "मॅडम, तुमच्यावर एक मोठी टेस्ट कोणीतरी करावी. पुष्कळ पेशंट घेऊन. अर्ध्यायले हात लावाचा, अर्ध्यायले नाही."

"करायला हवी," ती म्हणाली. "निकाल काहीही येवो, मी वाचीन."

हात परत आला नाही. बोटं थोडी वळतात, पण कपाची दांडी धरता येत नाही. पाय बराच आला. पट्टा घालून, काठी घेऊन ते चालतात. राग पूर्वीपेक्षा जास्त येतो, आणि रडूही. मी शाळेतली नोकरी सोडली. कधी दुपारी ते झोपल्यावर मी स्वयंपाकघरात खाली बसते आणि उगाच रागावते, कोणावर ते कळत नाही. मुलगी फोनवर म्हणते, "आई, तू स्वतःला सांभाळ." मी हो म्हणते.

आणि डावी बाजू अजून पूर्ण आलेली नाही. घरात चालतं, ताट मी फिरवून देते, दाढी करताना डावा गाल दाखवते. पण गेल्या महिन्यात त्यांनी हट्ट धरला, गल्लीत चालायचं. मी सवयीनं त्यांच्या उजवीकडून चालले, ते मला बघू शकतील म्हणून. वळणावर डावीकडून एक स्कूटर आली. मला दिसली, त्यांना नाही. मी ओरडले, त्यांच्या कमरेचा पट्टा धरून मागे ओढलं. स्कूटर अगदी घासून गेली. पोरगी होती चालवणारी, तीच जास्त घाबरली. "काका, दिसत नाही का?" ती ओरडली आणि लगेच त्यांची काठी बघून गप्प झाली.

शेजारच्या घराच्या पायरीवर आम्ही बसलो. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, आता हे पुन्हा बाहेर पाय टाकणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

"काहीच नव्हतं तिकडं," ते म्हणाले. "एकदम आली. कुठून आली ते समजलंच नाही."

"घरी जाऊ या."

"जाऊ." ते उठले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "तू उजवीकडून नको चालू. तिकडचं मले दिसते. तू डावीकडून चाल."

"मग मी तुम्हाला दिसणार नाही."

"माहीत आहे."

आम्ही उठलो. मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले, लुळ्या हाताच्या बाजूला, आणि त्यांच्या नजरेतून नाहीशी झाले. ते समोर बघत हळूहळू काठी टेकत चालू लागले. चार पावलं गेली की थांबून विचारायचे, "आहे का वं?"

"आहे," मी म्हणायचे.